तलाव कोणी बांधला?

१८ जून २०२५ ला मारुती चितमपल्ली गेले. त्या दिवशी फोन उघडला की दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. एक, त्यांचा फोटो आणि त्याखाली 'अरण्यऋषी' हा शब्द. दुसरी, त्यांनी मराठीला एक लाख शब्द दिले, हे वाक्य. दोन्ही गोष्टी आदराने पाठवलेल्या होत्या. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो: वाचायचं राहून जातं. ऋषी म्हटलं की नमस्कार करून पुढे सरकता येतं. लाख शब्द म्हटलं की 'त्यातले चार सांग बरं' असं कोणी कोणाला विचारत नाही.

ज्यांनी त्यांचं काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३२ चा, सोलापूरचा. कोइमतूरला वनशिक्षण, मग वनखात्यात नोकरी: कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. निवृत्तीनंतर बरीच वर्षं मुक्काम आपल्या नागपुरात. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा' ही ललित पुस्तकं, 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र, 'पक्षीकोश'सारखे कोश. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि गेलं त्याच वर्षी पद्मश्री.

या सगळ्यातल्या एकाच तुकड्याबद्दल मला बोलायचं आहे: नवेगावबांधच्या तलावाकाठी हिंडून त्यांनी जे लिहिलं त्याबद्दल. 'नवेगावबांधचे दिवस' नावाचं त्यांचं पुस्तकच आहे, आणि हा तलाव त्यांच्या इतर लेखनातही सारखा येत राहतो. आपण हे लेखन 'निसर्गलेखन' या कप्प्यात टाकून वाचतो. माझं म्हणणं असं की हा कप्पा चुकीचा आहे, आणि त्यामुळे या लेखनाची खरी ताकदही दिसत नाही आणि खरी उणीवही.

सुरुवात गावाच्या नावापासून करू. नवेगाव-बांध. नागपूरहून भंडारा, साकोली करत हायवेने कोहमारापर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. तलाव सुमारे ११ चौरस किलोमीटरचा. भोवतीच्या डोंगरांना लोक सातबहिणी म्हणतात. बोटीतून बघितलं तर वाटतं, हे पाणी डोंगर तयार झाले तेव्हापासून इथेच असावं. तसं नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळी घालून बुजवल्या आणि पावसाचं पाणी अडवलं. तो बांध गावाच्या नावात येऊन बसला आहे.

आणि हा एकच तलाव नाही. पूर्व विदर्भात, म्हणजे झाडीपट्टीत, असे सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. कोहळी समाज हे तलाव बांधण्यासाठी इतका प्रसिद्ध होता, की रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात त्याची खास नोंद केली. तलाव कशाला? तर धानासाठी. इथे पाऊस भरपूर पडतो, पण तो शेतकऱ्याच्या सोयीने पडत नाही. रोवणी झाली, धान निसवायला लागलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाने दडी मारली तर वर्षाचं पीक हातचं जातं. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी पाणी राखून ठेवायचं म्हणून तलाव. त्याहून लहान असते ती बोडी. वरचा तलाव भरला की पाणी खालच्या बोडीत, तिथून शेतात. तलावात मासे, काठाला गुरं, उन्हाळ्यात तळाचा गाळ शेतात. असं सगळं एकमेकांना बांधलेलं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. तलाव सरकारकडे गेले आणि त्यांचं नाव झालं 'माजी मालगुजारी तलाव', तोंडी 'मामा तलाव'. आज बोर्डावर हे नाव वाचणाऱ्या अर्ध्या लोकांना वाटतं की कोणाच्या तरी मामाचा तलाव असेल.

आता चितमपल्लींकडे परत येऊ. त्यांच्या नवेगावच्या लेखनात चालणं कसं येतं? आपल्याला इंग्रजीतून आलेली कल्पना अशी असते की माणूस एकटा निघतो, तळ्याकाठी बसतो आणि स्वतःबद्दल त्याला काहीतरी उमगतं. चितमपल्लींमध्ये हे फार कमी आहे. त्यांच्यासोबत बहुतेक वेळा कोणीतरी असतं. गावचे माधवराव पाटील डोंगरवार असतात, कोणी धीवर असतो, कोणी गोंड, कोणी वनरक्षक. लेखक विचारतो, दुसरा सांगतो. पक्ष्याचं नाव, त्याचं घरटं, कोणत्या झाडाला कधी फूल येतं, कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, हे लेखकाला कोणाकडून तरी कळतं. पदाने तो साहेब आहे, पण पानावर तो विद्यार्थी आहे.

हे किती वेगळं आहे ते कळायला शेजारचं पुस्तक घ्या: व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. जंगल जवळजवळ तेच. आज नवेगाव आणि नागझिरा मिळून एकच व्याघ्रप्रकल्प आहे, २०१३ पासून. माडगूळकर तिथे पाहुणे म्हणून जाऊन राहिले, पायी हिंडले, बघितलं तेवढं लिहिलं. त्यांचं वाक्य आखूड आणि नेमकं असतं. प्राणी समोर येतो, काहीतरी करतो, निघून जातो. मग माडगूळकर थांबतात. त्यावर ज्ञानाचा थर चढवत नाहीत. शिस्त म्हणून बघाल तर माडगूळकर जास्त चांगले लेखक आहेत, असं मला वाटतं. चितमपल्लींचं वाक्य पसरतं. एका पक्ष्यावरून ते संस्कृत ग्रंथाकडे जातात, तिथून एखाद्या गोंडी समजुतीकडे, तिथून सालिम अलींकडे आणि मग परत तलावावर येतात. कधी कधी परत यायला विसरतातही.

पण माडगूळकरांच्या पाण्याला धनी नाही. ते जनावरांचं पाणी आहे आणि बघणाऱ्याचं आहे. चितमपल्लींच्या पाण्यावर माणसांची ये-जा आहे. त्यात कोणी जाळं टाकतं, कोणी कमळकंद काढतं, कोणाला आजोबांनी सांगितलेली गोष्ट आठवते. जे तळं माणसांनी बांधलं आणि माणसांनी वापरलं, त्याच्याबद्दल लिहायची ही जास्त खरी रीत आहे. आपण मात्र त्यातली माणसं गाळून पक्षी तेवढे ठेवतो आणि त्याला निसर्गलेखन म्हणतो.

मागच्या डिसेंबरात एका मित्राबरोबर मी नवेगावच्या पाळीवरून चाललो, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. पाळीवर उभं राहिलं की दोन बाजू असतात. एका बाजूला पाणी, डोंगर, त्यावरची सकाळची धूर. दुसऱ्या बाजूला, खाली, गाव आणि कापणी झालेली धानाची शेतं. तिथे आलेले बहुतेक सगळे पाण्याकडे तोंड करून फोटो काढत होते. आम्हीही काढले. इन्स्टाग्रामवर नवेगाव शोधलं तर शंभरातले नव्याण्णव फोटो पाण्याकडचे निघतील. ते खोटे नाहीत, अर्धे आहेत. तलाव ज्याच्यासाठी केला ती बाजू फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे राहते.

तिथून आम्ही दक्षिणेला, गोठणगावकडे गेलो. तिथे गाढवी नदी अडवून इटियाडोह धरण बांधलं आहे. त्याचं पाणी खाली गडचिरोली जिल्ह्यातल्या धानापर्यंत जातं. जवळच १९७० च्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, म्हणजे झाडीपट्टीत अचानक प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसतात. धरणाच्या भिंतीखाली नदीच्या पात्रातून आम्ही थोडं चाललो. हिवाळ्यात तिथे दगड जास्त, पाणी कमी. इथे काही विचारावं असं कोणी भेटलं नाही आणि बोर्डावर पाटबंधारे विभागाशिवाय कोणाचं नाव नव्हतं. नवेगावचं पाणी अडवणाऱ्याचं नाव तीनशे वर्षं लोकांच्या तोंडात टिकलं. इटियाडोह माझ्या आईवडिलांच्या हयातीतलं, पण ते कोणाच्या हातांनी उभं राहिलं हे कोणी सांगत नाही. चितमपल्लींच्या लेखनाचा साचा अशा ठिकाणी अडतो, हेही तिथे जाणवलं. कारण त्या साच्याला सांगणारा माणूस लागतो.

आता उणिवांबद्दल.

पहिली उणीव पद्धतीची आहे. दर मे महिन्यात एक मेसेज फिरतो. कावळ्याने आंबा किंवा करंजासारख्या झाडावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी. खाली नाव: मारुती चितमपल्ली. या मेसेजवर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणजे 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं'. दुसरी 'अंधश्रद्धा'. मला दोन्हींत रस नाही. हा दावा तपासता येण्यासारखा आहे. एका तालुक्यातली घरटी मोजा, झाडं नोंदवा, पावसाचे आकडे बाजूला ठेवा आणि दहा-पंधरा वर्षं हे करत राहा. उत्तर येईल. मात्र चितमपल्लींच्या गद्याला या उत्तराची घाई नसते. स्वतः पाहिलेलं, कोणाकडून ऐकलेलं आणि जुन्या ग्रंथात वाचलेलं ते एकाच सुरात सांगतात. हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या संस्कृत ग्रंथाचं मराठी रूप सिद्ध करण्यात त्यांचा वाटा होता, आणि त्या ग्रंथातलं वर्णन व नवेगावच्या पाण्यावर सकाळी दिसलेला पक्षी त्यांच्या परिच्छेदात शेजारी शेजारी बसतात. वाचताना सुंदर वाटतं. पण कोणत्या विधानावर किती भार टाकायचा, हे वाचकाने स्वतःच ठरवायचं.

तरीही मेसेज आणि पुस्तक यांत एक फरक आहे आणि तो मोठा आहे. पुस्तकात असं ज्ञान पुष्कळदा कोणाच्या तरी तोंडून, कुठल्या तरी वाटेवर येतं. मेसेजमध्ये सांगणारा जातो, वाट जाते आणि फक्त निष्कर्ष उरतो. आम्ही कोड लिहितो तेव्हा कुठलीही ओळ कोणी आणि कधी लिहिली ते एका कमांडने बघता येतं. ओळ चुकीची निघाली तर निदान विचारायला कोणी असतं. फॉरवर्डमधून नेमकी तीच माहिती पुसली जाते. त्यामुळे मला वाटतं, चितमपल्लींची सर्वांत मोठी हानी त्यांच्या टीकाकारांनी नाही, त्यांचे 'रोचक तथ्य' बनवणाऱ्या चाहत्यांनी केली आहे. लाख शब्दांचंही तेच. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे त्यांनी रुळवलेले शब्द. छान आहेत. पण ते संस्कृतातून घडवलेले आहेत. तलावावरच्या माणसांकडून मिळालेले शब्द वेगळे आणि माझ्या मते जास्त मोलाचे. एका आकड्यात दोन्ही ओतले की हा फरकच नाहीसा होतो.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. चितमपल्ली वनाधिकारी होते. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. एखादं रान राष्ट्रीय उद्यान होतं तेव्हा तिथल्या चराईचं, लाकूडफाट्याचं, मोहाचं, पाण्याचं सगळं गणित बदलतं. जो धीवर साहेबांना माशांची नावं सांगतो, त्याला उद्या त्याच पाण्यात जाळं टाकता येईल का, हे ठरवणारं खातं साहेबांचंच. माझ्या वाचनात त्यांच्या पानांवर या माणसांचं ज्ञान भरभरून येतं, त्यांच्याबद्दल आदर येतो, पण त्यांचा हक्क फार थोडा येतो. गुरू म्हणून त्यांना मोठी जागा आहे, हक्कदार म्हणून नाही. सरकारी नोकरीत राहून लिहिणाऱ्याकडून याहून जास्त अपेक्षा धरणं अन्यायाचं होईल का? अर्धवट होईल. पण निवृत्तीनंतरची तीन दशकंही त्यांच्याकडे होती. एवढ्या काळात हा प्रश्न त्यांच्या लेखनाच्या मध्यभागी आला नाही, हे नोंदवलंच पाहिजे. 'ऋषी' म्हटल्यावर ते नोंदवता येत नाही. म्हणूनही तो शब्द मला नको वाटतो.

कोणी म्हणेल, तलाव कोणी बांधला आणि त्याचा हक्कदार कोण, या समाजशास्त्राच्या गोष्टी झाल्या, ललित लेखनाशी त्यांचा काय संबंध? नागपूरकराने हा प्रश्न विचारू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अंबाझरीही बांधलेला तलाव आहे. आजचा त्याचा बांध १८७० च्या सुमाराचा. शहराला पाणी पुरवण्यासाठी केलेला हा तलाव दीडशे वर्षांत आपल्यासाठी फक्त 'व्ह्यू' झाला: संध्याकाळी जायचं, मक्याचं कणीस खायचं, सेल्फी काढायचा. त्याला सांडवा असतो, सांडव्यातून गेलेलं पाणी नाग नदीत जातं आणि त्या वाटेवर काही उभं करायचं नसतं, हे विसरलं गेलं. पुरानंतर सांडव्यासमोरच्या बांधकामाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तळ्याकडे आपण कसं बघतो आणि त्याबद्दल कसं लिहितो, याचा त्या तळ्याचं पुढे काय होतं याच्याशी संबंध असतो. जे निसर्गाने दिलं असं वाटतं, त्याची डागडुजी कोणी करत नाही.

झाडीपट्टीच्या तलावांचं तेच चाललं आहे. गाळ साचतो, पाळी खचतात, पाण्यात बेशरम माजते. पाणी आटलं की मासे जातात, आणि मासे गेले की धीवर गाव सोडतो. सारसाचंही पोट याच साखळीत आहे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या आसपास उरला आहे आणि तो राहतो धानाच्या बांध्यांत आणि या तलावांच्या काठी. त्याचं घरटं बहुधा कोणाच्या तरी शेतात असतं आणि ते टिकवायचं की नाही हे त्या शेतकऱ्याच्या हातात असतं. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाला घ्यावी लागलेली ही दखल आपल्या ललित लेखनाने आधी घ्यायला हवी होती. कारण आपल्या कवितेत सारस पुष्कळ आहेत, पण सारस ज्याच्या शेतात अंडी घालतो तो शेतकरी जवळजवळ नाही.

एक गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवर समाजातल्या बायकांनी गेल्या काही वर्षांत मामा तलावांमध्ये उतरून बेशरम उपटली, तळ नांगरला, माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, कोणती खोल पाण्यात आणि कोणती काठाला, हे त्यांना ठाऊक होतं किंवा त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून जमवलं. चितमपल्लींनी वहीत उतरवलं त्या जातीचंच हे ज्ञान. फरक एवढाच की इथे ते ज्याचं आहे त्याच्याच हातात आहे आणि त्याचा उपयोग तलाव जगवायला होतो आहे. यावर बातम्या आल्या, अहवाल आले. ललित पुस्तक अजून माझ्या पाहण्यात नाही. ते एखाद्या साहेबाने पाळीवरून चालत, विचारत लिहिलेलं नसावं. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एखादीने लिहावं, आणि त्यात पक्ष्यांइतकीच मासेमारीच्या ठेक्याची, सोसायटीच्या मीटिंगची, घरच्या हिशोबाची पानं असावीत. मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन.

तोपर्यंत चितमपल्ली वाचायचे. कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं तर मी कोश किंवा आत्मचरित्र सांगणार नाही, 'नवेगावबांधचे दिवस' सांगीन. आणि वाचताना एक पेन्सिल जवळ ठेवा. पक्षी आला की खूण करू नका, पक्षी सगळेच बघतात. 'हे कोणी सांगितलं?' या प्रश्नाचं उत्तर जिथे जिथे मिळेल तिथे खूण करा. मग तेवढ्याच खुणा सलग वाचा. त्यात एका गावाची माणसं सापडतील. त्यांची नातवंडं आज कुठे आहेत, पुण्यात, नागपुरात की अजून त्याच पाळीवर, हे शोधायला निघालात तर मला कळवा. मीही येतो.